काळीचा डिस्ट्रिब्युटर मी दुरुस्त करतो

४ जानेवारी
आजपासून ही वही. यात फक्त टेक्निकल नोंदी. रडगाणं नाही, घरगुती कटकटी नाहीत.

निर्णय झाला आहे. काळीचा डिस्ट्रिब्युटर मी स्वतः दुरुस्त करणार. काळी म्हणजे सासरेबुवांची चोपन्न सालची गाडी. दोन महिने आमच्या गॅरेजात चादर पांघरून उभी आहे. सासरेबुवांनी जन्मभर हेच केलं, लोकांच्या गाड्यांचे डिस्ट्रिब्युटर खोलायचे, नीट करायचे, परत लावायचे. शेवटी काळीचाही खोलला आणि तिसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोकं शाबूत आहे असं डॉक्टर म्हणतात. डिस्ट्रिब्युटर बाकावर तसाच सुटा पडलाय.

सव्वीस वर्षांत त्यांनी मला काळीला हात लावू दिला नाही. पुसायलासुद्धा नाही. आवाज न चढवता म्हणायचे, जावईबापू, तुम्ही बसा. मी बसायचो. आता कोण बसा म्हणणार?

५ जानेवारी
हिला सांगितलं. ही म्हणाली, त्याला हात लावू नका, बाबा बरे झाले की बघतील. मी म्हटलं, मी एकतीस वर्षं खरेदी विभागात काढली. पंप, लेथ, कॉम्प्रेसर, सगळ्यांची टेंडरं माझ्या टेबलावरून गेली. मशीन म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. यावर हिने कुकरच्या शिट्टीचा विषय काढला. ती गोष्ट आठ वर्षांपूर्वीची आहे आणि छताला रंग तसाही द्यायचाच होता.

टार्गेट: १४ मार्च. सासरेबुवांचा एक्याऐंशीवा वाढदिवस. त्या दिवशी मी काळी चालवणार, ते शेजारी बसणार.

आणि त्यांच्या तोंडून एकदा शाबास ऐकायचं आहे. हे टेक्निकल नाही, पण लिहून टाकलं. सव्वीस वर्षं वाट बघितली आहे. त्यासाठी आधी त्यांना बोलता यायला हवं, हेही आहेच.

७ जानेवारी
कामाचा पहिला दिवस. उत्साह दांडगा.

डिस्ट्रिब्युटर म्हणजे काय, माझ्या शब्दांत: चार प्लगना ज्याच्या त्याच्या वेळी ठिणगी वाटणारा डबा. आत एक शाफ्ट फिरतो. तो ज्या बुशात फिरतो तो बुश झिजला की शाफ्ट डुगडुगतो, ठिणगी वेळ चुकवते, गाडी खोकते. म्हणजे बुश बदलणे. बस. यात माणसाने आयुष्य घालवण्यासारखं काय आहे, कळत नाही.

सासरेबुवांनी सगळे पार्ट वर्तमानपत्रावर ओळीने मांडून प्रत्येकाखाली पेन्सिलीने आकडा घातला होता. कागद फार मळला होता, फेकला. पार्ट रॉकेलमध्ये धुतले.

शाफ्टच्या टोकाला पिनेने एक छोटं कपलिंग बसतं, ते खाली इंजिनाच्या खाचेत जातं. शाफ्टवर आणि या कपलिंगवर कुणीतरी खिळ्याने एकासमोर एक ओरखडे काढून ठेवले होते. तासभर पॉलिश पेपरने घासले, तेव्हा गेले. आता आरशासारखं चमकतंय. वयाबरोबर माणूस हलगर्जी होतो, दुसरं काय.

१० जानेवारी, दुपार
नवी पद्धत. रोज अकरा ते बारा पार्ट ताटात घालून सासरेबुवांच्या पलंगाशी बसायचं आणि त्यांना कामाची प्रगती सांगायची. आज कंडेन्सरवर बोललो. त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझं वाक्य पूर्ण झालं.

खरं सांगायचं तर आजारपणानंतर ते मला जास्त आवडायला लागले आहेत.

शाफ्ट बघून त्यांचे डोळे मोठे झाले. डाव्या हाताने शाफ्ट उचलला, टोकाशी अंगठा फिरवत राहिले. ओरखडे शोधत होते, पण मी तिथे काही ठेवलंच नव्हतं. मग शाफ्ट सोडेनात. एकेक बोट उचकून काढावं लागलं. डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, बाबा, आभार कसले त्यात.

१३ जानेवारी
वाचेच्या बाई आल्या होत्या. आठवड्यातून दोनदा येतात, बोलणं परत यावं म्हणून व्यायाम देतात. चित्रांची कार्डं दाखवतात. हा पेला. हा दरवाजा. ही रोज संध्याकाळी तीच कार्डं घेऊन बसते. दोन महिन्यांत एक अक्षर नाही. मी बाईंना म्हटलं, पेला दाखवून माणूस बोलेल का? इंजिनाचा आवाज ऐकवा, बोलतो की नाही बघा. बाई हसल्या. हिने दारापर्यंत सोडायला जाताना त्यांची माफी मागितली. कशाबद्दल ते कळलं नाही.

१५ जानेवारी
लेथवाल्याकडून नवा बुश. छान काम. तो म्हणाला, एक दिवस तेलात बुडवून ठेवा, मग शिकंज्यात धरून हळूहळू दाबत बसवा, हातोडा लावू नका. कारागीर लोकांना गिऱ्हाइकाला घाबरवायची सवय असते.

१५ जानेवारी, दुपारी ४
बुशाचे दोन तुकडे. मटेरियल कच्चं.

१६ जानेवारी
लेथवाल्याने तुकडे बघितले, हातोड्याचा वण बघितला, माझ्याकडे बघितलं. दुसरा करून देतो म्हणाला. मात्र दार लावून घेतलं.

२२ जानेवारी
दुसरा बुश तेलात चोवीस तास. मग शिकंजा. पाव फेरा, थांबायचं, बघायचं. पाव फेरा, थांबायचं. असं दोन तास. श्वास धरून. पाठीला रग लागली. सरळ बसला. शाफ्ट घातला, बोटाने फिरवला, नुसता फिरत राहिला. आवाज नाही, डुगडुग नाही.

कुणीच बघायला नव्हतं. ही खिडकीपाशी दिसली होती, पण कपडे वाळत घालत होती.

२८ जानेवारी
जोडणी पूर्ण. पॉइंट, रोटर, स्प्रिंगा, सगळं जागच्या जागी. कपलिंगला पिन ठोकली. कपलिंग पिनेवर दोन्ही बाजूंनी बसतं, असं किंवा तसं, त्यामुळे तो प्रश्नच आला नाही. सोपं डिझाइन.

एक छोटी वॉशर उरली. जुन्या लोकांना जास्तीचे पार्ट घालायची हौस.

२९ जानेवारी, सकाळी ११.२०
पूर्ण डिस्ट्रिब्युटर सासरेबुवांना दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला. रोटरकडे, मग खाली कपलिंगकडे, परत रोटरकडे. मग डावा हात वर केला, तळवा खाली केला, वर केला, खाली केला. मी म्हटलं, कूस बदलायची आहे का? दिवसा सांभाळायला येणाऱ्या मावशींना हाक मारली. दोघांनी मिळून त्यांना भिंतीकडे वळवलं. भिंतीकडे तोंड करूनही हात चालूच. परत इकडे वळवलं. डिस्ट्रिब्युटर समोर धरला. परत हात उलटा. परत भिंत.

बारापर्यंत सात वेळा कूस बदलली. मावशी म्हणाल्या, म्हातारा आज फार छळतोय. मी म्हटलं, आजारी माणसाचं मनावर घ्यायचं नसतं.

५ फेब्रुवारी
ऐतिहासिक दिवस. डिस्ट्रिब्युटर इंजिनात. सासरेबुवांना चाकाच्या खुर्चीत बसवून गॅरेजच्या दाराशी आणलं. ही नको म्हणत होती. मी चावी फिरवली, उघड्या बोनेटमध्ये वाकलो आणि इंजिनाशेजारचं स्टार्टरचं बटण दाबलं.

कार्बोरेटरमधून असा बार उडाला की शेजारच्या इमारतीतले लोक गॅलरीत आले. माझी डावी भुवई गेली. धुरातून एक आवाज आला. खडखडीत, स्पष्ट, तीन महिन्यांत पहिल्यांदा. सासरेबुवा म्हणाले, गाढव.

ही रडायला लागली. माझेही डोळे भरून आले. धुराने असेल.

मी म्हणालो होतो. इंजिनाचा आवाज ऐकवा.

८ फेब्रुवारी
वाचेच्या बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, असं होतं, शिव्या आधी परत येतात, त्या खोलवर असतात. मग पेला दाखवला. काही नाही. दरवाजा दाखवला. काही नाही. तेवढ्यात मी भुवईला मलम लावून खोलीत आलो. सासरेबुवा म्हणाले, गाढव. बाईंनी मला बाहेर जायला सांगितलं. शांतता. आत बोलावलं. गाढव. तीन वेळा करून बघितलं.

बाई फार खूश. म्हणाल्या, यांच्यात कमालीची इच्छाशक्ती आहे, पण ती फक्त तुम्हाला बघून जागी होते. तुम्ही रोज समोर बसत जा. त्या मशीनबद्दल बोला. जेवढं बोलाल तेवढं चांगलं. दिवसातून दोनदा, जेवणाआधी. हिला म्हणाल्या, कार्डं सध्या बंद ठेवा.

म्हणजे मी आता औषध आहे.

१४ फेब्रुवारी
सकाळी पॉइंटच्या गॅपवर पंचेचाळीस मिनिटं. संध्याकाळी प्लगवर एक तास.
नवे शब्द: नको. बंद. बास.
ही दाराआड उभी राहून ऐकते. आज तिला हसताना बघितलं. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. कशाला हसतेस विचारलं तर म्हणाली, काही नाही, तुम्ही चालू ठेवा.

१७ फेब्रुवारी
परत बार. पेट्रोल जुनं असावं.

१८ फेब्रुवारी
नवं पेट्रोल. बार.

१९ फेब्रुवारी
नवे प्लग, नवी कॅप, नव्या वायरी. तीन बार. खालच्या मजल्यावरच्यांनी निरोप पाठवला की त्यांचं कुत्रं पलंगाखालून बाहेर येत नाही. कुत्र्याला इंजिनातलं काय कळतं?

उजवी भुवईही गेली. आता दोन्ही बाजू सारख्या दिसतात, हे एक बरं झालं.

२३ फेब्रुवारी
प्रगती वेगात. नवे शब्द: चूप. बाहेर. देवा. देवा हा शब्द मी ताट घेऊन आत जाताना येतो.

बाई म्हणाल्या, इतक्या वेगाने सुधारलेला पेशंट त्यांनी बघितला नाही. यात माझा वाटा किती, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, सगळा. हे मी हिच्यासमोर मुद्दाम विचारलं होतं.

२७ फेब्रुवारी
आज दोन शब्द एकत्र. मी डिस्ट्रिब्युटर परत काढून त्यांच्यासमोर धरला होता आणि पेट्रोलमधल्या भेसळीबद्दल सांगत होतो. ते म्हणाले, उलट कर. मी लगेच मावशींना हाक मारली आणि त्यांना भिंतीकडे वळवलं. भिंतीकडून परत आवाज आला, उलट कर. परत वळवलं. मग त्यांनी डोळे मिटून घेतले आणि हिचं लहानपणचं लाडाचं नाव घेतलं. पहिल्यांदा. इतके दिवस हातवारे माझ्याकडे बघून करत होते, आणि नाव मात्र हिचं.

ही आली. मला म्हणाली, तुम्ही जरा बाहेर बसा. मी बसलो. आत बराच वेळ दोघांचं चाललं होतं. वाईट वाटलं. औषधाला कुणी बाहेर बसा म्हणत नाही.

३ मार्च
सकाळी डेंटिस्टकडे गेलो होतो. परत येताना गल्लीच्या तोंडाशीच आवाज ऐकला. एकसारखा, मऊ, मध्ये कुठे खोकला नाही. काळी! मी पळतच आलो. ही बोनेटपाशी, बोटं काळीकुट्ट. सासरेबुवा खुर्चीत, डोळे मिटून. दोघांपैकी कुणाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं.

बुश बसायला वेळ लागतो, हे मी म्हणतच होतो. आज बसला.

३ मार्च, संध्याकाळ
मावशींनी सांगितलं की ताईंनी पिन ठोकून काढली, ते खालचं कपलिंग फिरवून उलटं लावलं, परत पिन घातली, वीस मिनिटांत गाडी चालू. म्हणाल्या, काका म्हणे महिनाभर हातवारे करून तेवढंच सांगत होते, कपलिंग अर्ध्या फेऱ्याने उलटं लागलंय, ठिणगी नेमकी चुकीच्या वेळी पडतेय. आणि म्हणाल्या, आपण बिचाऱ्यांना उगीच लोळवत बसलो.

किरकोळ ॲडजस्टमेंट. शेवटचा हात कुणाचाही लागतो. पायाभूत काम झालं होतंच. शिवाय त्या सगळ्या लोळवण्याने त्यांच्या पाठीला जखमा झाल्या नाहीत, हे कुणी लक्षात घेत नाही.

हिला हे काम येतं हे मला माहीत नव्हतं. ही म्हणाली, बारा वर्षांची होईपर्यंत वर्कशॉपमध्येच खेळत होते, तुम्ही कधी विचारलं नाहीत. सव्वीस वर्षांत विषयच निघाला नाही.

९ मार्च
आता ते सगळ्यांशी बोलतात. मावशींशी, बाईंशी, खिडकीतल्या कावळ्याशी. हिच्याशी तर अखंड. वाक्यं तुटक, पण पोचतात. मी आत गेलो की थांबतात. बाई म्हणाल्या, आता तुम्ही बसायची गरज नाही, डोस पूर्ण झाला. ही मान हलवत होती.

चौदा तारखेची तयारी मी चालू ठेवली आहे. शर्ट इस्त्री केला. भुवया पेन्सिलीने काढाव्यात का, विचार चालू आहे.

१४ मार्च, सकाळी ९
आज. मी ड्रायव्हरच्या सीटवर, ते शेजारी. काय बोलायचं ते पाठ केलं आहे. बाबा, कसा वाटला आवाज? एवढंच विचारायचं. मग गप्प राहायचं आणि त्यांना बोलू द्यायचं.

१४ मार्च, दुपारी १
क्रमाने लिहितो.

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. सासरेबुवा गाडीत बसेनात. डाव्या हाताने दार धरून उभेच राहिले, हिच्या आधाराने. दहा मिनिटं. शेवटी ही म्हणाली, तुम्ही मागे बसा. मी मागे बसलो. ते लगेच बसले. ही चालवायला बसली. काळीचे गिअर तिने न बघता टाकले.

पहिला एक किलोमीटर फार छान गेला. सासरेबुवा खिडकीतून हात बाहेर काढून बघत होते, दुकानं, झाडं, सिग्नलला थांबलेली माणसं. लोक गाडीकडे वळून बघत होते. मीही मागून हात केला. मग मी दोन सीटच्या मधून पुढे वाकलो आणि ठरल्याप्रमाणे विचारलं, बाबा, कसा वाटला आवाज?

त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. म्हणून मी थोडं समजावून सांगितलं. बुश कसा असतो, पाव फेरा म्हणजे काय, घाई का करायची नाही. पेट्रोल पंपापर्यंत सांगितलं. पुलापर्यंत सांगितलं. पूल संपल्यावर ते हिला म्हणाले, गाडी थांबव. यांना उतरव. मग आपण जाऊ.

तीन पूर्ण वाक्यं. कुठेही न अडखळता. बाईंना कळवलं पाहिजे.

हिने गाडी बाजूला घेतली. वाटलं, काहीतरी म्हणेल त्यांना. ती आरशात बघत थांबली. मी म्हटलं, मला तसंही चालायचंच होतं, व्यायाम होत नाही हल्ली. उतरलो. सासरेबुवांनी काच वर केली. गाडी गेली. मागून आवाज ऐकत उभा राहिलो, वळणापर्यंत येत होता. एकदाही खोकली नाही.

पाच किलोमीटर चालत आलो. मला फार वाईट वाटलं. आता हे लिहिलंय तर राहू दे.

१४ मार्च, संध्याकाळी ६
अजून आले नाहीत. हिचा फोन आला. मागे सासरेबुवांचा आवाज, आणि हसणं, दोघांचंही. ही म्हणाली, शहराबाहेर तलावापाशी आलोय, बाबा थांबायलाच तयार नाहीत. सबंध रस्ता बोलत आहेत. इथे पोचल्यावर बोनेट उघडायला लावलं, कॅप काढायला लावली, आणि डाव्या हाताने शाफ्ट हलवून बघितला. हललाच नाही. परत हलवला. मग म्हणाले, हा बुश ज्याने बसवला त्याचा हात फार चांगला आहे, मलाही याहून सरळ जमला नसता. यांची बडबड सोड, खरा कुणी बसवला, असं विचारत होते.

मी विचारलं, मग तू काय सांगितलंस?

ही म्हणाली, लेथवाल्याने.

मी म्हटलं, अगं, तो मी बसवला. ही म्हणाली, मला माहीत आहे, मी खिडकीतून बघत होते, दोन तास. मी म्हटलं, मग सांग ना त्यांना, आत्ता सांग, फोन दे. ही गाडीपासून जरा बाजूला गेली असावी. मग आवाज खाली आणून म्हणाली, अहो, तुम्ही बसवला म्हटलं तर ते इथेच तो काढायला लावतील. आज त्यांचा वाढदिवस आहे, जाऊ दे ना.

मी म्हटलं, बरं. सावकाश या.